खुर्चीची पोच

मी जिना उतरून पार्किंगमध्ये आलो तेव्हा चेअरमन बोरगावे माझ्या बायकोच्या खुर्चीवर बसून बटाटेवडा खात होते.

सोसायटीची वार्षिक सभा होती. रविवार, सकाळचे दहा. गाड्या बाहेर रस्त्यावर काढून मधल्या जागेत लाल प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. पुढे एक टेबल, टेबलावर पाण्याची बाटली आणि सेक्रेटरी हर्डीकरांची तीन रजिस्टरं. चेअरमनना मात्र लाकडी खुर्ची, हाताची, हिरव्या नायलॉनच्या पट्टीनं विणलेली. ती आमची. साखर कारखान्यानं मोडीत काढलेल्या सामानाच्या लिलावात मी ती घेतली होती आणि कलावतीनं मिरजेहून माणूस बोलावून विणून घेतली होती. पाठीमागच्या फळीवर पांढऱ्या रंगातला कारखान्याचा नंबर तसाच होता, ४१७. तो नंबर मीच घातलेला. मी त्या कारखान्याच्या स्टोअरमध्ये चौतीस वर्षं होतो.

कलावतीला जाऊन त्या दिवशी बेचाळीस दिवस झाले होते.

"या तोडकर," बोरगावे म्हणाले. "वडा घ्या. गरम आहे." आणि बसल्याबसल्याच त्यांनी वड्यांचं ताट माझ्याकडे सरकवलं. उठले नाहीत. त्यांना ती खुर्ची कोणाची हे माहीत होतं. ते विसरले होते, एवढंच. चांगली, भक्कम, पाठीला टेकू देणारी खुर्ची सोसायटीच्या ऑफिसात पडून आहे, तर चेअरमननं प्लास्टिकवर का बसावं, इतका साधा त्यांचा हिशेब असणार.

मी वडा घेतला नाही. शर्टाच्या खिशात हात घालून कागद आहे ना ते पाहिलं. होता. खुर्ची सोसायटीकडे जमा झाल्याची पोच, हर्डीकरांच्या सहीची, शिक्का मारलेली. मी त्या दिवशी सभेला गेलो तो एवढ्याचसाठी. मला ती खुर्ची परत हवी होती.

या गोष्टीला आता पंधरा वर्षं झाली. सांगलीत विश्रामबागच्या बाजूला आमची इमारत आहे. स्नेहबंध सहकारी गृहनिर्माण संस्था. खाली पार्किंग, वर चार मजले, मजल्यावर तीन फ्लॅट, एकूण बारा घरं. लिफ्ट नाही. बांधणाऱ्यानं लिफ्टची जागा सोडली होती, त्या जागेत तुटकी दारं आणि कोणाच्या तरी पोरांचे जुने पाळणे भरले होते. लिफ्टचा विषय दर वर्षी सभेत निघायचा आणि दर वर्षी रजिस्टरात 'पुढील सभेत विचार व्हावा' असं लिहिलं जायचं. चेअरमन आणि सेक्रेटरी दोघंही पहिल्या मजल्यावर राहायचे. अठरा पायऱ्या चढणाऱ्या माणसाला लिफ्टची घाई नसते. आम्ही चौथ्या मजल्यावर. बहात्तर पायऱ्या.

आमच्या सभेची एक रीत होती. नोटिशीत वेळ दहाची. कोरम भरला नाही तर सभा अर्धा तास तहकूब होते आणि मग त्याच जागी, येतील तेवढ्या माणसांवर चालवता येते. हे सगळ्यांना पाठ. म्हणून सगळे दहाला आपापल्या बाल्कनीत उभे राहायचे, खाली वाकून सभा तहकूब झाली का बघायचे आणि झाली की आंघोळीला जायचे. साडेदहाला केस पुसत खाली यायचे. इमारत उभी राहिल्यापासून एकदाही पहिल्या फटक्यात कोरम भरला नव्हता. मी मात्र कलावतीला घेऊन दर वर्षी दहाच्या ठोक्याला खाली असायचो. ती म्हणायची, अहो, वरून बघून जाऊया की. मी म्हणायचो, नोटिशीत दहा लिहिलंय.

फ्लॅट तिच्या नावावर होता. तिच्या माहेरच्या वाटणीत आलेल्या जमिनीतून तो घेतलेला, त्यामुळे शेअर सर्टिफिकेट तिचं, सभासद ती. सभेत सही ती करायची आणि मी शेजारी बसायचो. इतकी वर्षं त्याचं कोणाला काही वाटलं नव्हतं.

आता खुर्ची ऑफिसात कशी गेली ते सांगायला हवं.

शेवटची दोन वर्षं कलावतीला दम लागायचा. हृदय मोठं झालंय, डॉक्टर म्हणाले. जिना चढा, पण मधे बसा. घर विकून खाली जाऊ म्हटलं तर ती तयार नव्हती. तेव्हा तिनंच तोड काढली. दुसऱ्या मजल्यावर, छत्तीसाव्या पायरीनंतर, मुल्लाणींच्या दाराशेजारी भिंतीला लावून ही खुर्ची ठेवली. छत्तीस पायऱ्या चढायच्या, दहा मिनिटं बसायचं, पुढच्या छत्तीस चढायच्या. शमशाद मुल्लाणी महापालिकेच्या शाळेत बाई होत्या. त्या शाळेतून आल्या की दार उघडं टाकायच्या आणि उंबऱ्यात बसायच्या. मग दहा मिनिटांचा तास व्हायचा. कलावती भाजी तिथेच निवडायची. पुढेपुढे तर तिला बाहेर कुठं जायचं नसलं तरी ती चार वाजता खाली त्या खुर्चीवर जाऊन बसायची.

आणि मग नोटीस आली.

हर्डीकर जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले. नोकरी सुटली तरी त्यांचा जावक क्रमांक सुटला नव्हता. खाली काचेची एक पेटी लावून घेतली होती आणि तिच्यात त्यांच्या नोटिसा लागायच्या. कुंड्यांना पाणी घालताना खालच्या मजल्याचा विचार करावा. गच्चीवर पापड वाळत घालण्यापूर्वी कमिटीस कळवावे. एकदा तर जिन्यात चपला आपटत उतरू नयेत अशीही लागली होती. प्रत्येक नोटिशीला क्रमांक, तारीख, सही, शिक्का. महत्त्वाची असली तर घरोघर प्रत. ही नोटीस घरोघर आली. विषय, सामायिक जागेत ठेवलेल्या खाजगी वस्तूंबाबत. जिने व पॅसेज ही संस्थेची सामायिक जागा असून तेथे वस्तू ठेवणे उपविधीविरुद्ध आहे, वगैरे.

खुर्ची ऑफिसात जमा झाली. पोच मिळाली. कलावती त्यानंतर छत्तीसाव्या पायरीवरच बसायला लागली. पायरी थंड असायची आणि उठताना कठड्याला ओढून घ्यावं लागायचं. चार वाजता खाली जाणं तिनं बंद केलं.

ती गेल्यावर तेराव्याचं सगळं आटोपलं आणि मी खुर्ची मागायला ऑफिसात गेलो. हर्डीकर म्हणाले, अर्ज करा. मी केला. आठ दिवसांनी गेलो तर म्हणाले, अडचण आहे, वस्तू सभासदाच्या फ्लॅटच्या नावानं जमा आहे, सभासद मयत, तुमचं नाव अजून लागलेलं नाही. आधी फ्लॅटची वारसनोंद होऊ द्या.

"खुर्चीसाठी वारसनोंद?" मी विचारलं.

"खुर्चीसाठी नाही, सभासदत्वासाठी. खुर्ची त्याच्या मागोमाग येईल." ते अगदी शांतपणे बोलत होते. "मी नियम केलेले नाहीत, तोडकर."

तिसऱ्यांदा गेलो तेव्हा त्यांनी हा विषय वार्षिक सभेपुढे ठेवायचं आश्वासन दिलं. खुर्ची तेव्हा त्यांच्या मागं भिंतीशी होती. तिच्यावर फायलींचा गठ्ठा ठेवला होता.

तर सभा. साडेदहा झाले तशी माणसं उतरली. तिसऱ्या मजल्यावरचे चौगुले आले, ओले केस, अंगात बनियन आणि वर टॉवेल. शमशाद भाभी आल्या आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या. हजेरीचं रजिस्टर फिरत फिरत माझ्याकडे आलं. मी पेन टेकवलं तोच हर्डीकर टेबलामागून उठून आले आणि पानावर त्यांनी तळवा ठेवला.

"तुम्ही सही करू नका. सभासद कलावतीबाई होत्या."

"मग मी जाऊ?"

ते जरा घोटाळले. त्यांनी विषयपत्रिका डोळ्यांपुढे धरली. "आत्ता नको. विषय क्रमांक एक श्रद्धांजलीचा आहे. तेवढ्यापुरते थांबा. मग बाहेर बसा."

चौगुले म्हणाले, अहो, बसू द्या की त्यांना, काय फरक पडतो. हर्डीकर म्हणाले, इतिवृत्त निबंधकांच्या कचेरीत जातं, उद्या कोणी हरकत घेतली तर उत्तर मला द्यावं लागेल, तुम्हाला नाही. चौगुले ताटाकडे वळले. त्यांना वडा दिसला होता.

मग आम्ही सगळे उठून उभे राहिलो. बोरगावेही उठले. त्यांच्या एका हातात अर्धा वडा होता, तो कुठं ठेवावा हे न कळून त्यांनी तो पाठीमागं धरला. दोन मिनिटं म्हणाले होते, पन्नास सेकंदांतच हर्डीकरांनी घसा साफ केला. मला सेकंद मोजायची सवय आहे. मग त्यांनी ठराव वाचला. संस्थेच्या ज्येष्ठ सभासद कैलासवासी सौभाग्यवती कलावती शिवलिंग तोडकर यांनी संस्थेच्या कामकाजात वेळोवेळी केलेल्या सहकार्याचे ही सभा कृतज्ञतापूर्वक स्मरण करते. सूचक बोरगावे, अनुमोदक चौगुले. ठराव सर्वानुमते मंजूर.

बोरगावे परत तिच्या खुर्चीवर बसले आणि वडा पुरा केला.

हर्डीकरांनी माझ्याकडे पाहिलं. आता जा, असं त्यांनी म्हटलं नाही, पण पान उलटलं आणि पेन उघडून थांबले.

मी टेबलाशी गेलो. खिशातली पोच काढून त्यांच्यापुढे ठेवली. "मी जातो," म्हटलं, "पण खुर्ची घेऊन जातो. ही तुमची सही, हा तुमचा शिक्का. वस्तू संस्थेच्या ताब्यात आहे. मालकाला द्या."

"विषय क्रमांक नऊ," हर्डीकर म्हणाले. "तेव्हा घेऊ."

"नवव्या विषयाला मी इथं नसणार. तुम्हीच मला बाहेर बसवताय."

मागून कोणीतरी म्हणालं, चेअरमनसाहेब काय इतक्यात खुर्ची सोडतात होय. दोघंतिघं हसले. बोरगावेही हसले आणि आणखी रेलून बसले. ते हसणं ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. बेचाळीस दिवस मी जे कोणाला बोललो नव्हतो ते त्यांच्यासमोर उभं राहून बोललो.

कलावतीला त्रास झाला तो मंगळवारी, सकाळी अकराच्या सुमाराला. मी अँब्युलन्स बोलावली. ती लवकर आली, त्याबद्दल तक्रार नाही. दोन माणसं स्ट्रेचर घेऊन वर आली. आमचा जिना अरुंद, वळणावर स्ट्रेचर फिरेना. त्यातल्या मोठ्या माणसानं मला विचारलं, घरात हाताची खुर्ची आहे का, लाकडी, मजबूत, तिच्यात बसवून चौघं धरून उतरवू. त्यांची ती नेहमीची पद्धत होती. मी म्हणालो, आहे, खाली ऑफिसात आहे. धावत खाली आलो. ऑफिसला कुलूप. किल्ली हर्डीकरांकडे आणि हर्डीकर मुलीकडे मिरजेला. भाभी त्या दिवशी रजेवर होत्या, त्यांनी घरातली प्लास्टिकची खुर्ची दिली. तिसऱ्या मजल्यावर त्या खुर्चीचा पाय वाकला आणि कलावती घसरली. मग त्यांनी आमच्या पलंगावरची चादर आणली. तिला चादरीत घेतलं, चार कोपरे चौघांनी धरले आणि उतरवलं. तोंड उघडं होतं. ती काही बोलत होती, पण चादरीत असल्यामुळे मला कळलं नाही.

दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं, खुर्ची असती तरी फार फरक पडला नसता. तसं असेलही.

हे सगळं मी सांगितलं, इतक्या सरळ नाही, तुटक तुटक. आणि शेवटी हर्डीकरांकडे बोट करून म्हणालो, "या माणसाच्या एका नोटिशीपायी माझी बायको चादरीतून खाली गेली. तुम्ही तिची बसायची जागा काढून घेतलीत. आणि आता तिच्याच खुर्चीत बसून तिला श्रद्धांजली वाहताय."

बोरगाव्यांचं तोंड उतरलं. पण ते उठायच्या आतच हर्डीकर बोलले. त्यांचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नव्हता, तेव्हाही चढला नाही, फक्त मान लाल झाली.

"मी किल्ली घेऊन गेलो ही चूक झाली," ते म्हणाले. "ती मी मान्य करतो. पण खुर्ची मी काढून घेतली असं म्हणू नका."

त्यांनी रजिस्टरांखालची फाईल ओढली, अंगठा थुंकीनं ओला करून पानं उलटली आणि एक कागद बाहेर काढला.

"जावक क्रमांक त्रेसष्ट. तुम्ही म्हणता ती नोटीस. प्रत कोणाला, तर सर्व सभासद. बारा प्रती. तुम्हाला एकट्याला नाही." त्यांनी चष्म्यावरून सगळ्यांकडे पाहिलं. "चौगुले, तुमच्या दारातलं चपलांचं कपाट हललं का? नाही. चेअरमनसाहेबांच्या कुंड्या पॅसेजमध्ये आहेत. माझी स्वतःची सायकल आजही जिन्याखाली उभी आहे. नोटिशीत लिहिलंय, वस्तू हलवावी किंवा पंधरा दिवसांत खुलासा द्यावा. अकरा जणांनी वस्तू हलवली नाही आणि खुलासाही दिला नाही. मी कोणाला विचारलं नाही. वर्षातून एकदा नोटीस काढावी लागते, ती काढली."

"आणि खुर्ची?" मी म्हणालो. पण माझा आवाज तोवर उतरला होता.

त्यांनी दुसरा कागद वर केला. त्या कागदावरचं अक्षर मला तिथूनही ओळखता आलं.

"आवक. तारीख नोटिशीचीच. नोटीस मी दुपारी बाराला वाटली. हे पत्र चार वाजून वीस मिनिटांनी आलं, वेळ टाकली आहे." आणि त्यांनी वाचलं. "'आपल्या नोटिशीस अनुसरून दुसऱ्या मजल्यावरील खुर्ची नग एक, क्रमांक चारशे सतरा, संस्थेकडे स्वतः जमा करीत आहे. कृपया पोच मिळावी. आपला, शिवलिंग महादेव तोडकर.'"

कागद त्यांनी टेबलावर माझ्या पोचेशेजारी ठेवला.

"मी तुम्हाला म्हटलं होतं, तोडकर, राहू द्या, वहिनींना लागते. तुम्ही म्हणालात, नियम म्हणजे नियम. खुर्ची ठेवलीत, आणि पोच मिळेपर्यंत दारातून हलला नाहीत. शिक्का सापडत नव्हता तर मला शोधायला लावलात."

त्यांनी म्हटलं होतं. मला ते आठवत होतं. मी ते बेचाळीस दिवस आठवू दिलं नव्हतं, एवढंच.

शेजारून शमशाद भाभी हळू आवाजात बोलल्या. माझ्या बाजूनं बोलायचं म्हणून बोलल्या असतील. "दादांना तरी काय माहीत," त्या म्हणाल्या. "ताई म्हणालेल्या त्यांना, उद्या न्या म्हणून. एवढी मेथी होऊ दे म्हणालेल्या."

मग सगळंच समोर आलं. चार वाजले होते. कलावती त्या खुर्चीवर बसली होती, मांडीवर मेथीची जुडी. मी नोटीस हातात घेऊन खाली उतरलो आणि तिला म्हटलं, ऊठ, ही जमा करायचीय. तिनं नोटीस वाचलीही नाही. एवढी कसली घाई, म्हणाली, उद्या न्या, एवढी मेथी होऊ दे. मी म्हटलं, आजची तारीख आहे. स्टोअरमध्ये चौतीस वर्षं मी एक खिळा चिठ्ठीशिवाय दिला नाही आणि एक खिळा पोचेशिवाय घेतला नाही. कारखान्यात त्याबद्दल माझा सत्कार झाला होता. ती माझ्याकडे बघत राहिली. मग बरं म्हणाली, पदरात मेथी धरून उठली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. मी खुर्ची उचलली आणि छत्तीस पायऱ्या खाली नेली. परत आलो तेव्हा ती पायरीवर बसून उरलेली मेथी निवडत होती. मी तिला पोच दाखवली.

बेचाळीस दिवस मी या लोकांची मनातल्या मनात लाज काढत होतो. कागदी माणसं म्हणत होतो. आणि ते सगळे निवांत होते. नोटीस आली, टीव्हीवर ठेवली, रद्दीत गेली. बारा घरांत ती वाचून तिच्यासारखं वागणारा एकच गाढव निघाला आणि तो रोज रात्री त्या बाईच्या शेजारी झोपत होता.

बोरगावे उठले. खिशातून रुमाल काढून त्यांनी खुर्चीवरचा वड्याचा चुरा झटकला आणि खुर्ची माझ्याकडे वळवली. "घ्या, तोडकर," म्हणाले. "काही विषय वगैरे नको. न्या."

मी दोन्ही हातांना धरून ती उचलली. हलकी नव्हती. वळलो तोच हर्डीकरांनी एक रजिस्टर माझ्या बाजूला फिरवलं. ते मुद्दाम करत नव्हते. त्यांचा हात आपोआप गेला. माझाही आयुष्यभर तसाच गेला होता.

"पोच इथं परत करा," ते म्हणाले, "आणि इथं सही. वस्तू मिळाली म्हणून."

टेबलावरचा कागद मी उचलला आणि खिशात घातला. पेनाला हात लावला नाही.

"तोडकर, सही."

"नोटीस काढा," मी म्हणालो.

मी जिना चढलो. खुर्ची छातीशी धरून चढताना पुढची पायरी दिसत नव्हती, पण मोजायची मला गरज नव्हती. छत्तीस झाल्यावर थांबलो, मुल्लाणींच्या दाराशेजारी भिंतीला लावून ती ठेवली, होती तशी. पुढच्या छत्तीस पायऱ्या चढून घरात गेलो आणि दार लावून घेतलं. खाली सभा पुढे चालू राहिली. लिफ्टचा विषय पुढील सभेत विचार व्हावा म्हणून नोंदला गेला, असं मला नंतर कळलं.

सोमवारी नोटीस आली. जावक क्रमांक एकोणऐंशी, या वेळी प्रत फक्त मला. सामायिक जागेतील खुर्चीबाबत. मी ती वाचली, घडी केली आणि टीव्हीवर ठेवली. काहीही झालं नाही. हर्डीकरांनी पुन्हा विचारलं नाही. दर वर्षी मात्र काढायचे. आठ महिन्यांनी फ्लॅट माझ्या नावावर लागला आणि सभासद म्हणून मी पहिल्या सभेला गेलो तो साडेदहाला.

आता हर्डीकर नाहीत. लिफ्ट अजून झालेली नाही. बोरगावे पंच्याऐंशीचे आहेत. गच्चीवर ऊन खायला जातात तेव्हा वर जाताना एकदा आणि उतरताना एकदा त्या खुर्चीवर बसतात, आणि मी जिन्यात दिसलो की घाईनं उठायला बघतात. मी त्यांना बसा म्हणतो. शमशाद भाभी शाळेतून निवृत्त झाल्या. त्यांनी खुर्ची एकदा नवी विणून घेतली, हिरव्याच पट्टीनं. चौथ्या मजल्यावर नवीन आलेली एक बाळंतीण तिथे बसून बाळाला थोपटते.

मी बसत नाही. माझे आता गुडघे दुखतात, दमही लागतो. छत्तीस पायऱ्या झाल्या की मी कठडा धरून खुर्चीशेजारी उभा राहतो आणि मग वर जातो.

पोच माझ्या कपाटात आहे. खुर्ची मिळाल्याची सही मी केलेली नाही, तेव्हा कागदोपत्री ती अजून ऑफिसातच जमा आहे. वस्तू खुर्ची, नग एक. जमा करून घेणाऱ्याची सही हर्डीकरांची. जमा करणाऱ्याची माझी.